पेगन म्हणजे नेमके कोण? नाशिकच्या आमच्या वाचन मंडळात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेज रोडवरच्या एका गच्चीवर आमचं वाचन मंडळ महिन्यातून एकदा जमतं. यंदा मी जगातल्या नव्या पेगन धर्मांबद्दल तीन रविवार बोलले. बोलणं तासाभराचं, प्रश्न मात्र चहा-चिवडा संपेपर्यंत. तेच प्रश्न पुढे फोनवर, भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत. शेवटी एकदाचे लिहून काढले. मी निवृत्त इतिहासशिक्षिका. यातल्या कुठल्याही पंथाची दीक्षा मी घेतलेली नाही आणि कुणाला द्यायचीही नाही.

पेगन हा एकच धर्म आहे का?

नाही. 'शाकाहारी' म्हटल्यावर माणूस जैन, वारकरी की नुसताच डॉक्टरला घाबरलेला हे कळत नाही. 'पेगन' या शब्दाचंही तसंच. आइसलँडमध्ये 'थोर' नावाच्या मेघगर्जनेच्या देवाच्या नावाने पेयाचं शिंग फिरवणारा मेंढपाळ, लंडनच्या फ्लॅटमध्ये पौर्णिमेला मेणबत्त्या लावून वर्तुळ आखणारी नर्स, ऑलिंपस डोंगराच्या पायथ्याशी जुन्या ग्रीकमधली स्तोत्रं म्हणणारा इंजिनिअर, सगळ्यांना हाच शब्द लावतात. या सर्वांचा मिळून एक ग्रंथ नाही, एक प्रेषित नाही, एक गादी नाही. साधारण सारखेपणा एवढाच की देव एकाहून जास्त, बऱ्याच ठिकाणी देवीला मान, निसर्ग पवित्र, आणि नजर ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या काळाकडे वळलेली.

हा शब्द शिवी होता म्हणे?

होता. लॅटिनमध्ये 'पागुस' म्हणजे गावाकडचा मुलूख आणि 'पागानुस' म्हणजे तिथला माणूस. चौथ्या शतकाच्या सुमाराला रोमन साम्राज्यातल्या ख्रिस्ती लोकांनी जुन्या देवांना धरून बसलेल्यांना हा शब्द लावला. काही अभ्यासकांच्या मते सैनिकी बोलीत त्याचा अर्थ 'फौजेबाहेरचा माणूस' असा होता, म्हणजे ख्रिस्ताच्या फौजेत भरती न झालेला. इंग्रजीतला 'हीदन' हा शब्द बहुधा 'हीथ' म्हणजे माळरान यावरून आला. शहरातल्याने सुरगाण्या-पेठेच्या माणसाकडे बघून नाक मुरडावं, त्यातला प्रकार. विसाव्या शतकात काहींनी तीच शिवी उचलून अभिमानाने कपाळी लावली. ग्रीसमधल्या मंडळींना मात्र ती अजूनही खपत नाही. आमचा धर्म हाच या देशाचा मूळ धर्म, तुम्ही दिलेलं नाव आम्ही का घ्यावं, असं त्यांचं म्हणणं.

'मूर्तिपूजक' हा मिशनऱ्यांच्या वेळचा मराठी पर्यायही टाळावा. यातल्या कितीतरी जणांकडे मूर्तीच नसते. कुणी अग्नीला अर्पण करतात, कुणी झाडापाशी उभे राहतात, लाटव्हियातले तर मुख्यतः गातात.

हे धर्म खरंच हजारो वर्षांचे आहेत का?

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हा, आणि त्याचं उत्तर ऐकून सगळ्यात जास्त चेहरे पडले तेही इथेच. बहुतेक पेगन धर्म गेल्या शंभर वर्षांतले आहेत. देवांची नावं जुनी, कथा जुन्या, काही सणही जुने. पण आजी-आजोबांकडून नातवंडांकडे चालत आलेली पूजा मधल्या काळात तुटली. रोमन सम्राट थिओडोसियसने ३९१-९२ च्या हुकमांनी जुन्या देवांची पूजा बंद केली. आइसलँडने सन १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म घेतला. लिथुआनिया तर १३८७ पर्यंत टिकून होता, युरोपातलं ते शेवटचं पेगन राज्य. त्यानंतर देव मेले नाहीत, पण म्हणींत, लोकगीतांत, सणाच्या खाण्यात लपून राहिले, आणि त्यांची मूळ पूजा कशी होती ते सांगणारं कुणी उरलं नाही.

त्यामुळे आजच्या पेगन माणसाचं पहिलं काम शोधाशोध हे असतं. कुणी पुरातत्त्व आणि जुनी हस्तलिखितं धरून काटेकोरपणे पुन्हा उभारणी करतो. कुणी थोडं जुनं, थोडं मनचं असं सरळ नवं बांधतो आणि तसं कबूलही करतो. आणि कुणी नवं बांधून जुनं म्हणून खपवतो. हा तिसरा प्रकार मला आवडत नाही, पण सर्वांत चटपटीत पुस्तकं त्यांचीच असतात.

एक मोठा अपवाद आहे. व्होल्गा नदीकाठचे मारी लोक. रशियातल्या मारी एल प्रजासत्ताकात आणि आसपास त्यांच्या पवित्र राया आहेत, अगदी आपल्या देवराया. तिथे 'कार्त' नावाचे पुजारी प्रार्थना करतात, मोठ्या देवाला 'कुगू युमो' म्हणतात, हंस-बदकं, मेंढ्या अर्पण करून त्याचं जेवण सगळ्यांना वाढतात. सोव्हिएत काळात हे चोरून चाललं, पण थांबलं नाही. त्यांना 'नवे पेगन' म्हणणं चुकीचं. ते जुनेच आहेत.

विक्का म्हणजे चेटूक ना?

नावापुरतं. विक्का हा विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेला पेगन धर्म. त्याचे लोक स्वतःला 'विच' म्हणवतात, पण तो शब्द मराठीत 'चेटकीण' म्हणून आणला की गडबड होते. त्याबद्दल पुढे बोलू. आधी माणूस बघा, कारण हा धर्म कुणी सुरू केला ते नावानिशी सांगता येतं.

जेराल्ड गार्डनर, जन्म १८८४. आयुष्याची उमेदीची वर्षं आशियात गेली. सिलोनमध्ये चहाचे मळे, मग बोर्निओ-मलायात रबर, शेवटी मलायात कस्टम खात्यात नोकरी. तिकडच्या 'क्रिस' नावाच्या नागमोडी कट्यारीवर त्याने अभ्यासपूर्ण लेखन केलंय. १९३६ मध्ये निवृत्त होऊन तो इंग्लंडला परतला. १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागात एका गुप्त गटाने आपल्याला दीक्षा दिली, हा गट जुन्या काळापासून चालत आलाय, असं तो सांगे. चेटकाविरुद्धचा १७३५ चा कायदा ब्रिटनने १९५१ मध्ये रद्द केला आणि १९५४ मध्ये गार्डनरने पुस्तक काढून सगळं चव्हाट्यावर मांडलं.

चालत आलेल्या गुप्त धर्माची ही कल्पना मार्गारेट मरे या इजिप्तच्या अभ्यासक बाईंची. १९२१ मध्ये त्यांनी लिहिलं की युरोपात चेटकिणी म्हणून मारल्या गेलेल्या बाया प्रत्यक्षात एका प्राचीन धर्माच्या अनुयायी होत्या. इतिहासकारांनी ही मांडणी केव्हाच मोडीत काढली. रोनाल्ड हटन या ब्रिटिश इतिहासकाराने १९९९ मध्ये विक्काचा सविस्तर इतिहास लिहिला, आणि हा धर्म विसाव्या शतकातला आहे हे आज बहुतेक विक्कन लोकही मान्य करतात. मला यात कमीपणा वाटत नाही. धर्माला जन्मदाखला असला म्हणून तो खोटा ठरत नाही.

गार्डनरच्या पोथीत उसनवारी फार होती. ती ओळखली डोरीन व्हॅलिएंट या त्याच्या शिष्येने. तिला १९५३ मध्ये दीक्षा मिळाली. अ‍ॅलिस्टर क्रोली या गूढविद्येच्या इंग्रज लेखकाच्या लिखाणातून उचललेले तुकडे तिने ओळखून काढले आणि विधींची भाषा नव्याने लिहिली. आज जगभर विक्कन वर्तुळात देवीचं जे निवेदन म्हणतात ते बव्हंशी तिच्या लेखणीचं. संस्थापकाचं नाव सगळे घेतात, पण पाठांतर या बाईचं चालतं.

आणि हो, नागवेपणाचा प्रश्न. तो कुणीतरी हळूच विचारतंच. गार्डनर नग्नतावादी होता, त्याच्या परंपरेत काही विधी विवस्त्र होतात. त्याला इंग्रजीत वापरलेला शब्द शब्दशः 'दिगंबर' असा आहे, आकाश नेसलेला. मांगी-तुंगीच्या जिल्ह्यातल्या, सिंहस्थातले नागा साधू पाहिलेल्या माणसांना यात धक्का बसण्यासारखं काय आहे मला कळत नाही. शिवाय आज पुष्कळ गट साधे झगे घालतात.

आणि त्या लाखो चेटकिणी, ज्यांना जाळलं?

'नव्वद लाख' हा आकडा फिरतो, तो चुकीचा. इतिहासकारांचा अंदाज चाळीस ते साठ हजारांचा आहे, तीनेक शतकांत. त्यातल्या बहुतेक बाया होत्या, पुरुषही होते. आणि त्या पेगन नव्हत्या. साध्या ख्रिस्ती शेजारणी होत्या. कुणाची गाय आटली, कुणाचं मूल दगावलं, आणि बोट हिच्याकडे गेलं.

म्हणूनच 'चेटकीण' शब्दावर मी अडते. लंडनमध्ये तो हौसेने लावायचा बिल्ला आहे. आपल्याकडे 'डाकीण' ठरवलेल्या बाईला गाव सोडावं लागतं, मार खावा लागतो, जीवही जातो. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला तो अशाच गोष्टींसाठी. परदेशी मासिकात 'विच' वाचून इथे गंमत म्हणून ते नाव घेण्याआधी हे आठवावं.

ही सैतानाची पूजा आहे का?

नाही. सैतान हे बायबलातलं पात्र आहे, आणि ज्यांना बायबलच नको त्यांना सैतान कुठून हवा असणार? विक्काचं चिन्ह असलेली पाच टोकांची चांदणी दिसली की लोक घाबरतात. अमेरिकेत तर युद्धात मेलेल्या विक्कन सैनिकांच्या थडग्यावर ही चांदणी कोरायला सरकार तयार नव्हतं. खटला झाला तेव्हा कुठे २००७ मध्ये परवानगी मिळाली. थोर देवाच्या हातोड्याच्या चिन्हाला २०१३ मध्ये.

स्टोनहेंज ड्रुइडांनीच बांधलं ना?

हे टीव्हीने डोक्यात भरवलेलं आहे. स्टोनहेंज म्हणजे इंग्लंडमधलं उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ. त्याचं काम सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी सुरू झालं, मोठे दगड साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. ड्रुइड म्हणजे केल्टिक लोकांचे पुरोहित. त्यांची लेखी माहिती ज्युलियस सीझरच्या आगेमागे मिळते. मधे दोन हजारांहून जास्त वर्षं गेलेली. ही गाठ मारली सतराव्या-अठराव्या शतकातल्या जॉन ऑब्री आणि विल्यम स्ट्यूकली या हौशी संशोधकांनी.

नव्या ड्रुइडांचा पूर्वज मला फार आवडतो. इओलो मोर्गनुग, खरं नाव एडवर्ड विल्यम्स, वेल्समधला पाथरवट आणि कवी. १७९२ मध्ये त्याने लंडनच्या प्रिमरोज टेकडीवर दगडांचं वर्तुळ मांडून 'प्राचीन' कविसंमेलन भरवलं. त्याच्याकडची जुनी हस्तलिखितं त्याने स्वतःच रचलेली होती, ते त्याच्या पश्चात बऱ्याच वर्षांनी उघड झालं. तोवर ते विधी वेल्सच्या राष्ट्रीय साहित्य संमेलनात असे मुरले होते की आजही तिथे झगे घालून कवींचा सन्मान होतो. खोट्या कागदावर खरी परंपरा उभी राहिली!

आजच्या ड्रुइडांचा मोठा संघ रॉस निकोल्स यांनी १९६४ मध्ये काढला. कवी, द्रष्टा आणि ड्रुइड अशा तीन पायऱ्या असतात आणि शिक्षण टपालाने घेता येतं. इंग्लंडमध्ये २०१० साली एका ड्रुइड संघटनेला धर्मादाय नोंदणी मिळाली, आणि उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी स्टोनहेंजला सूर्योदय पाहायला हजारो लोक जमतात. त्यात ड्रुइड किती आणि सेल्फीवाले किती, ते विचारू नये. रामकुंडावर पर्वणीला आपण तरी मोजतो का?

आइसलँडचं एवढं कौतुक का?

कारण तिथली गोष्टच तशी आहे. सन १००० च्या सुमाराला त्यांच्या संसदेत, म्हणजे आल्थिंगमध्ये, जुन्या आणि नव्या धर्माचे लोक हातघाईवर आले. निवाडा थोरगेर नावाच्या कायदेपंडितावर सोपवला. तो स्वतः जुन्या धर्माचा. घोंगडं पांघरून तो दिवस-रात्र पडून राहिला आणि उठून म्हणाला, सर्वांनी ख्रिस्ती व्हावं, पण घरात गुपचूप जुन्या देवांना अर्पण करायला आणि घोड्याचं मांस खायला सुरुवातीला मुभा असावी. रक्त न सांडता धर्म बदलला. त्याने आपल्या मूर्ती एका धबधब्यात सोडल्या अशी आख्यायिका आहे. गोदाफोस त्याचं नाव, देवांचा धबधबा. 'गोदा' हा उच्चार ऐकून गच्चीवरच्या एका आजोबांनी लगेच गोदावरीशी नातं जोडलं. ते नातं नाही, योगायोग आहे, पण आजोबा ऐकायला तयार नव्हते.

पुढे तेराव्या शतकात आइसलँडच्या लोकांनी जुन्या देवांच्या कथा लिहून ठेवल्या. ओडिन, थोर, फ्रेया यांच्याबद्दल आज जगाला जे ठाऊक आहे ते मुख्यतः या ख्रिस्ती झालेल्या लेखकांमुळे. त्या देवांवरच्या जुन्या कवितांचं मोलाचं हस्तलिखित डेन्मार्कच्या राजाकडे गेलेलं. १९७१ मध्ये ते बोटीने परत आलं तेव्हा बंदरावर माणसांची रीघ लागली होती. आणि १९७२ मध्ये उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, त्यांच्या पंचांगाप्रमाणे एप्रिलात, स्वेनब्योर्न बेनतेन्सन नावाच्या मेंढपाळ कवीने काही मित्रांना घेऊन आसात्रू, म्हणजे जुन्या देवांवरच्या श्रद्धेचा, संघ स्थापन केला. जुन्या चालीत ओव्या गाणारा, लांब पांढऱ्या दाढीचा माणूस. १९७३ मध्ये सरकारने मान्यता दिली.

आज त्यांचे सभासद पाच हजारांच्या वर आहेत. देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, तेव्हा हे प्रमाण लहान नाही. तिथे नोंदणीकृत धर्मसंस्थेला सरकार सभासदांमागे पैसे देतं. रेक्याविकमध्ये २०१५ साली सूर्यग्रहणाच्या दिवशी त्यांच्या मंदिराची पायाभरणी झाली. ग्रहणात भूमिपूजन! आपल्या गुरुजींना सांगून बघा. सध्याचे प्रमुख हिल्मार ओर्न हिल्मार्सन हे चित्रपटांना संगीत देणारे. आठ पायांच्या घोड्यावरून फिरणारा एकडोळ्या ओडिन शब्दशः खरा मानायची त्यांच्याकडे सक्ती नाही. कथा कवितेसारख्या घ्याव्यात, असा त्यांचा सूर.

यात वंशवादी लोक घुसलेत असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, आणि लपवण्यात अर्थ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत 'रक्ताचा धर्म' म्हणून जुने देव उकरून काढणारे गट होते, त्यातलं बरंच पुढे नात्झींच्या चिन्हांत गेलं. आजही अमेरिकेत आणि युरोपात काही संघटना 'आमचे देव फक्त गोऱ्यांचे' म्हणतात. त्याविरुद्ध बोलणारेही तिथलेच आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अनेक हीदन, म्हणजे ओडिन-थोरला पुजणाऱ्या, गटांनी मिळून एक जाहीरनामा काढून अशा संघटनांशी संबंध तोडले. त्याला आधार घेतला 'हावामाल' या जुन्या आइसलँडी काव्यातल्या १२७ व्या कडव्याचा, ज्यात दुष्कृत्य दिसलं तर बोलून दाखव असं सांगितलंय. आइसलँडचा संघ समलिंगी जोडप्यांची लग्नं लावतो म्हणून त्यांना परदेशी कडव्या मंडळींकडून शिव्यांची पत्रं आली. रोजच्या पूजेपेक्षा ही भांडणंच बातम्यांत जास्त येतात, हे मात्र धरून चाला.

रशिया-युक्रेनमधले स्लाव लोक 'वेद' मानतात म्हणे, ते आपलेच का?

रोद्नोव्हेरी हे त्यांच्या धर्माचं एक नाव, म्हणजे 'आपल्या कुळाची श्रद्धा'. पेरून, वेलेस, मोकोश हे देव. अडचण अशी की स्लावांच्या जुन्या धर्माची लेखी साधनं फार थोडी. ती पोकळी भरायला 'वेलेसचं पुस्तक' नावाचा ग्रंथ पुढे आला. तो जुन्या लाकडी फळ्यांवर सापडला असं सांगतात. भाषातज्ज्ञांनी तो विसाव्या शतकातला बनाव ठरवला, पण विक्री थांबली नाही. 'वेद' शब्द त्यांच्यातले काही गट वापरतात, कारण स्लाव भाषांत 'वेद' धातू जाणण्याच्या अर्थाने आहेच, संस्कृतच्या सख्ख्या बहिणीसारखा. भाषेचं नातं खरं. त्यावरून मॉस्कोत ऋग्वेद रचला गेला असं कुणी सांगितलं तर चहा प्यायला द्यावा आणि विषय बदलावा.

मग लिथुआनिया? तिथे तर अग्नीला हविर्भाग देतात.

देतात. आणि इथे माझाही तोल जातो, ते कबूल करते. मागच्या सिंहस्थात एक लिथुआनियन पाहुणी आमच्या ओळखीच्यांकडे उतरली होती. तिला गंगेवर नेलं. आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, ते तिला समजावण्यात अर्धा तास गेला. आरतीच्या वेळी कुणीतरी 'अग्नी' म्हणालं आणि ती थबकली. त्यांच्याकडे 'उग्निस'. मग पायऱ्यांवर बसून आम्ही शब्द मोजत राहिलो. देव म्हणजे दिएवस, धूर म्हणजे दूमाई, आपला धूम. मुलगा सूनुस, आपला सूनु. पुरुष म्हणजे वीरस. धुळवडीला आपण देव्हाऱ्यातले वीरांचे टाक नाचवत गंगेवर आणतो, ते तिला सांगितल्यावर तिने वहीत लिहून घेतलं.

त्यांचा मेघगर्जनेचा देव पेर्कूनस. अभ्यासक त्याची तुलना ऋग्वेदातल्या पर्जन्याशी करतात. घरातल्या बिनविषारी सापाला, झाल्टिसला, ते शुभ मानत आणि दूध ठेवत. नागपंचमीचं वर्णन ऐकून त्या बाई हसायलाच लागल्या.

रोमुवा हे या धर्माच्या संघटनेचं नाव. १९६७ मध्ये, सोव्हिएत राजवट असताना, योनास त्रिंकूनस आणि इतर तरुणांनी कर्नावे या जुन्या राजधानीच्या टेकड्यांवर उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवसाचा सण केला. लोकगीतांचा कार्यक्रम असं वरून दिसायचं. सरकारला ते कळायला फार वेळ लागला नाही. त्रिंकूनसांची विद्यापीठातली नोकरी गेली. स्वातंत्र्यानंतर १९९२ मध्ये रीतसर नोंदणी झाली, पण सरकारी मान्यतेसाठी पुढची लढाई लांबली. २०१९ मध्ये संसदेने नकार दिला, २०२१ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरवला, आणि २०२४ च्या अखेरीस मान्यता मिळाली. तोवर त्रिंकूनस जाऊन दहा वर्षं झाली होती. त्यांच्यामागे मुख्य पुरोहिताचं पद त्यांच्या पत्नी इनिया यांच्याकडे आलं.

आता 'ते आपलेच' म्हणायचं का? भाषा एका घरातली, हे नक्की. पण माझ्या त्या पाहुणीला रोजची पूजा गीतसंग्रहांतून आणि अभ्यासकांच्या टिपणांतून शिकावी लागली. तिच्या आजीने तिला ती शिकवली नव्हती, आजी कॅथलिक होती. तिला 'तू हिंदूच आहेस की' असं आमच्यातल्या एकाने प्रेमाने सांगितलं. ती नम्रपणे म्हणाली, नाही, मी लिथुआनियन आहे. एवढं मोठं साम्य आणि एवढं ठाम उत्तर, दोन्ही एकाच बाकावर बसलेलं मी पाहिलं.

शेजारच्या लाटव्हियात १९२५ पासून 'दिएवतुरी' आहेत. त्यांचा ग्रंथ म्हणजे चार ओळींची लोकगीतं, दाइना. क्रिश्यानिस बारोन्स यांनी ती लाखांनी जमवून कप्पेकप्पे असलेल्या एका कपाटात ठेवली. जात्यावरच्या ओव्या जमवणाऱ्या आपल्या माणसांना हे कपाट बघून हेवा वाटेल. संस्थापक एर्न्स्त्स ब्रास्तिन्श यांना सोव्हिएत राजवटीने १९४२ मध्ये गोळी घातली.

ग्रीक देवांची पूजा आज कुणी करतं?

करतात. १९९७ मध्ये त्यांची मोठी संघटना झाली, २०१७ मध्ये सरकारने 'ज्ञात धर्म' म्हणून मान्यता दिली. पण पार्थेनॉनसारखी प्राचीन देवळं पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, तिथे पूजेला परवानगी नाही. २००७ मध्ये एका गटाने अथेन्सच्या झ्यूसच्या भग्न देवळात जाऊन प्रार्थना केलीच. स्वतःच्या देवळात तिकीट काढून जायचं आणि हात जोडायचे नाहीत.

जाता जाता, पांडवलेण्यांत सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात एका 'योनक', म्हणजे यवन (ग्रीक), दात्याचा शिलालेख आहे. धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा. यवन म्हणवणारा माणूस नाशिकला येऊन बौद्ध लेणं खोदवून गेला. पूजा बदलणं हे फक्त युरोपात झालं नाही.

इजिप्तचे, रोमचे, सुमेरचे जुने देव पुजणारे छोटे गटही आहेत, बहुतेक अमेरिकेत. त्यांच्याबद्दल कुणी फारसं विचारलं नाही.

पूजा असते कशी? बळी देतात?

विक्कात वर्तुळ आखतात, चार दिशांना आवाहन करतात, कट्यार, पेला, धूप, मीठ-पाणी असतं, शेवटी केक आणि वाइन वाटून खातात. आसात्रूमध्ये गोल उभं राहून शिंगातून पेय फिरवतात आणि प्रत्येक जण देवाच्या, पूर्वजाच्या नावाने दोन शब्द बोलतो. आइसलँडच्या संघात आता प्राण्याचा बळी नाही. मारी लोकांत आहे, आणि तो पूर्वीपासूनचा.

विक्का आणि ड्रुइडांचं सणांचं चक्र आठ आऱ्यांचं. दोन अयनं, दोन विषुवं आणि त्यांच्यामधले चार दिवस. तेही १९५० च्या दशकात गार्डनर आणि निकोल्स यांच्या वर्तुळात आजच्या रूपात बसलं. ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे, म्हणून तिथले पेगन चक्र उलटं फिरवतात. आणि नाशिकचं काय? त्या चक्रात पावसाळाच नाही! ऑगस्टच्या सुरुवातीला ते पहिल्या कापणीचा सण करतात, तेव्हा इगतपुरीत भाताची लावणी जेमतेम उरकलेली असते. द्राक्षं काढायची तर जानेवारी ते मार्च. कुणी इथे हे चक्र पाळायचं म्हटलं तर पोळा कुठे बसवणार?

हॅलोविन पेगन आहे का?

मूळ आयर्लंडच्या 'सॉवन' सणात, म्हणजे उन्हाळा संपून गुरं खाली आणायच्या वेळी. पेगन लोक त्या रात्री आपल्या मेलेल्यांसाठी ताट मांडतात. शाळांमध्ये डांगर कोरून मुखवटे घालतात तो भाग फार पुढचा, आयर्लंडमध्ये आधी सलगम कोरत. सर्वपित्रीला कावळ्याची वाट बघणाऱ्यांना यातलं ताट कळेल, मुखवटा नाही कळला तरी चालेल.

एकूण किती लोक असतील?

जगाची मोजणी कुणी केलेली नाही. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजारांनी 'पेगन' आणि १३ हजारांनी 'विक्का' लिहिलं. दहा वर्षांपूर्वी हे आकडे ५७ हजार आणि १२ हजार होते. म्हणजे वाढ आहे, लाट नाही.

मग आपल्या आदिवासींचे डोंगऱ्यादेव, वाघदेव, धान्याची देवी कणसरी हे पेगन म्हणायचे का?

माझ्या मते नाही, आणि यावर गच्चीवर आवाज चढले होते. मार्गशीर्षात कळवण, सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडे पावरीच्या सुरावर फेर धरून डोंगऱ्यादेव बसतो, पौर्णिमेच्या सुमाराला माणसं डोंगरावर जातात. वाघबारशीला लाकडावर वाघ, नाग, सूर्य-चंद्र कोरलेल्या वाघदेवापुढे नारळ फुटतो. कोकणा, महादेव कोळी, वारली यांच्या या गोष्टींना स्वतःची नावं आहेत. लॅटिन शिवी उधार घ्यायची त्यांना गरज नाही. 'हे सगळं हिंदूच' असं एका दमात म्हणून टाकणंही मला पटत नाही. झारखंडच्या विधानसभेने २०२० मध्ये आदिवासींसाठी जनगणनेत त्यांच्या निसर्गपूजक धर्माचा वेगळा 'सरना' रकाना मागणारा ठराव केला, म्हणजे हा प्रश्न निकालात निघालेला नाही. ज्याचा देव त्याला विचारावं.

एक मात्र खरं. लंडनचा विक्कन पवित्र झाड शोधायला रविवारी गाडी काढून जातो. आपल्याकडे शेंदूर फासलेला म्हसोबा रस्तारुंदीच्या आड येतो आणि महापालिकेला नोटीस काढावी लागते.

भारतात कुणी पेगन आहे का? सभासद कसं व्हायचं?

कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी स्वतःला उघडपणे विक्कन म्हटलं, पुस्तकं लिहिली. शहरांमध्ये तरुण मुलांचे छोटे गट असतात, ते बहुतेक फोनवरच भेटतात.

सभासद व्हायची तऱ्हा ठिकाणागणिक वेगळी. आइसलँडमध्ये नागरिक नोंदणी कार्यालयात एक फॉर्म भरायचा. ड्रुइडांकडे धडे मागवायचे. गार्डनरच्या परंपरेत एक वर्ष आणि एक दिवस शिकून मग दीक्षा, तीही गटाने स्वीकारलं तर. एकट्याने पुस्तकातून विक्का करणारेच आता संख्येने जास्त. पैसे आधी मागणारा, दीक्षेसाठी एकटं बोलावणारा, घरच्यांना सांगू नको म्हणणारा भेटला तर तो कुठल्याही धर्माचा असो, तिथून उठावं. आमच्या मंडळातल्या एकीच्या भाचीला 'टॅरो आणि विक्का'च्या नावाखाली असाच एक जण भेटला होता. अकरा हजार गेले, मिळाली एक मेणबत्ती.